फॉस्टर घराला मान्यता देताना, आणि दिल्यानंतर

फॉस्टर केअरच्या, म्हणजे सरकारी कागदावरच्या प्रतिपालकत्वाच्या कामावर नव्याने रुजू झालेल्यांसाठी हे लिहितेय. तुम्ही जिल्हा बाल संरक्षण कक्षात असा, नाहीतर कक्षाच्या वतीने गृहभेटी करणाऱ्या संस्थेत, जबाबदारी तीच. पहिल्याच आठवड्यात बहुतेक जण विचारतात, "मॅडम, कुटुंबाला मान्यता द्यायला कागद कोणकोणते लागतात?" कागद सांगतेच. पण आधी बाल न्याय अधिनियम २०१५ मधली फॉस्टर केअरची व्याख्या वाचा. तिथे कुटुंबाला चार अटी आहेत. ते निवडलेलं हवं, पात्र ठरलेलं हवं, मान्यता मिळालेलं हवं आणि देखरेखीखाली असलेलं हवं. पहिल्या तिन्हींचं काम काही आठवड्यांत उरकतं. चौथी अट मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत चालू शकते, आणि नेमकं तिच्याच वेळी गाडी नसते, माणूस नसतो आणि मार्चअखेर असते.

आधी एक नेहमीची गल्लत सोडवू. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज आणि फॉस्टर केअरचं प्रकरण एकाच फायलीत लावू नका. बालसंगोपनात मूल बहुधा आजी, काका, मावशी किंवा एकट्या राहिलेल्या आईकडेच असतं आणि २०२३ पासून त्याला महिन्याला २२५० रुपये मिळतात. फॉस्टर केअरमध्ये मूल आईवडिलांच्या नसलेल्या, बऱ्याचदा पूर्ण अनोळखी घरात बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या कायदेशीर समितीच्या आदेशाने जातं. त्याचे मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून महिन्याला ४००० रुपये आहेत. सरपंचांनी शिफारसपत्र दिलं म्हणून मूल परस्पर कोणाच्या घरी ठेवलं, तर ते फॉस्टर केअर होत नाही. समितीचा आदेश नसेल तर काहीच झालेलं नाही असं समजा.

कोण पात्र, हे थोडक्यात. केंद्राच्या २०२४ च्या फॉस्टर केअर मार्गदर्शक सूचनांनी दार बरंच उघडलं. आता जोडप्यांबरोबर ३५ ते ६० वयाच्या अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित व्यक्तीही फॉस्टर पालक होऊ शकतात. एकट्या पुरुषाकडे मुलगी देता येत नाही. जोडप्याच्या संसाराला किमान दोन वर्षं झालेली हवीत. मूल सहा वर्षांवरचं असावं. पोलिसांची चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय दाखला, उत्पन्नाचा पुरावा, ओळखीतल्या दोघांचा हवाला, हे कागद कोणीही गोळा करील. तुमचा पगार गृह चौकशी अहवालासाठी आहे.

त्या अहवालाचा छापील नमुना आहे, नमुना ३०. तो भरायला घरी किमान दोनदा जा. एकदा रविवारी, सगळी माणसं घरात असताना, आधी कळवून. एकदा आडवारी, न कळवता. खोल्या मोजत बसू नका. "मूल झोपेल कुठे?" एवढं विचारा आणि ती जागा दाखवायला सांगा. "बघू की, कुठंही झोपेल" असं उत्तर आलं तर तसंच उतरवून घ्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाशी वेगळं बोला. सासूबाईंना मनातून नको असलेलं मूल त्या घरात टिकत नाही, सुनेने कितीही सह्या केल्या तरी. कुटुंबाची स्वतःची मुलं असतील तर त्यांना अंगणात घेऊन जा आणि विचारा, नवीन मूल आलं तर तुझ्या सायकलचं काय? जे मूल लगेच "देईन की" म्हणतं त्यापेक्षा "आठवड्यातून दोन दिवस देईन" म्हणणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

मूल कशासाठी हवंय, या प्रश्नाची तीन उत्तरं तुम्हाला नक्की ऐकायला मिळतील. "घरात हाताखाली कोणीतरी होईल" असं म्हणणाऱ्यांचा चहा प्या आणि निघा. "पुण्य लागेल" हा काही गुन्हा नाही, पण ते पुण्य मूल पहिल्यांदा खोटं बोललं की आटतं, तेव्हा त्यावर आणखी चार प्रश्न विचारा. तिसरं उत्तर म्हणजे, "पुढे आमच्याच नावावर होईल ना?" दत्तकाच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबलेली जोडपी हे विचारतात आणि त्यांचं चुकतं असं नाही. त्यांना सरळ सांगा: मूल दत्तकासाठी कायद्याने मुक्त झालेलं असेल, आणि फॉस्टर म्हणून किमान दोन वर्षं तुमच्याकडे राहिलेलं असेल, तरच तो विचार होतो. आज तुम्ही जे मूल घेताय त्याची आई कदाचित दवाखान्यात आहे, कदाचित तुरुंगात, आणि ती सावरली तर ते परत जाणार आहे. हे ऐकून जे मागे सरतात ते योग्य वेळी सरले.

चहा निम्मा झाला की मुलाची जात कोणती, हा प्रश्न येतोच. भाषण देऊ नका, टाळूही नका. उलट विचारा, "नाही कळली, तर पाटावर शेजारी बसवाल का?" मिळालेलं उत्तर त्यांच्याच शब्दांत अहवालात घ्या.

अहवालाच्या भाषेबद्दल मी फार कटकट करते. "कुटुंब सुसंस्कृत व मनमिळाऊ आहे" हे वाक्य माझ्या टेबलावर आलं की मी ते खोडते. एका नव्या क्षेत्र कार्यकर्तीने एकदा लिहिलं होतं: "बोलणं चालू असताना आजोबांनी नातवाला दोनदा पाणी आणायला सांगितलं. नातू चित्र काढत होता, उठला नाही. आजोबा हसले आणि स्वतः उठून पाणी घेऊन आले." त्या घरात कधीही पाऊल न टाकलेला समितीचा सदस्य या तीन ओळींवरून बरंच काही ठरवू शकतो.

आता माझं ठाम मत. मान्यता घराला देऊ नका, या मुलासाठी या घराला द्या. सात वर्षांच्या दंगेखोर पोरासाठी उत्तम असलेलं घर पंधरा वर्षांच्या अबोल मुलीसाठी अगदी चुकीचं असू शकतं. मंजूर कुटुंबांची यादी तयार असली की वरून मूल "बसवायची" घाई होते, ती अडवणं हे आपलं काम. भावंडं असतील तर ती एकत्रच ठेवायचा प्रयत्न करा असं कायदा सांगतो. वेगळी करायची असतील तर ते त्यांच्या भल्याचं कसं, हे कागदावर आलं पाहिजे. आणि मुलालाही घर आधी दाखवा. एक दुपार, मग एक रात्र, मग हवं तर आदेश.

मूल पाठवताना त्याची पिशवी तुम्ही स्वतः तपासा. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आरोग्य कार्ड, चालू औषधं आणि त्यांची चिठ्ठी. मूल अनाथ असेल तर अनाथ प्रमाणपत्राचं काम तेव्हाच मार्गी लावा. राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे, आणि अठराव्या वर्षी जुने कागद शोधत फिरणं त्या पोराच्या नशिबी येता कामा नये. कुटुंबापासूनही काही लपवू नका. मूल अंथरूण ओलं करतं, उशीखाली भाकरी लपवतं, पुरुषाचा आवाज चढला की कोपऱ्यात जाऊन बसतं, हे आधी सांगितलं तर कुटुंब तयारीत राहतं. नंतर कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचा राग मुलावर निघतो.

आता देखरेख. कायद्याने दरमहा तपासणी समितीने करायची आहे, त्याचा नमुना ३५. समितीपुढे प्रकरणांचा ढीग असतो, म्हणून भेटीची आखणी, बरोबर जाणं आणि नोंदी ठेवणं आपल्याकडे येतं. नमुन्यातले रकाने भरणं अवघड नाही. अवघड आहे ते घर न बघता मूल बघणं. आपण आलो की पोहे होतात, नवी चादर पडते, मूल न्हाऊन-माखून समोर उभं केलं जातं.

बाजाराच्या गावातली एक तेरा वर्षांची मुलगी. घर नीटनेटकं, काकू गोड बोलणाऱ्या, मुलगी प्रत्येक प्रश्नाला "छान आहे" म्हणायची. वही दाखव म्हटलं तेव्हा तिने हात पुढे केला. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती आणि नखांच्या कडेला कातडी सोलली होती, ऐन उन्हाळ्यात. मी काही बोलले नाही. शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेकडून हजेरीपत्रक मागितलं. मुलगी दर मंगळवारी गैरहजर. मंगळवार तिथल्या आठवडी बाजाराचा दिवस, आणि घरच्यांची बाजारात खानावळ. भांडी कोण घासत होतं ते वेगळं विचारावं लागलं नाही. हात आणि हजेरीपत्रक दोन्ही अहवालात गेलं, समितीने मुलीशी एकांतात बोलून तिला दुसऱ्या कुटुंबात हलवलं. तेव्हापासून मी सांगते, दर महिन्याला घराआधी शाळेत जा.

मुलाशी एकटं बोलायला "चल, दुकानातून बिस्किटं आणू" हा रस्ता चांगला. मूल समोरासमोर बसून सांगणार नाही ते चालता चालता सांगतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर त्याला पाठ असावा, आणि तुमचा नंबर दप्तरातल्या वहीच्या मागच्या पानावर. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी वरिष्ठांना विचारू, मग बघू, असं तिथे चालत नाही. मात्र मूल हलवायचा आदेश समितीचाच. रागाच्या भरात आपल्या गाडीत घालून आणायचं नाही.

कुटुंबालाही आपण लागतो. अनुदान कधीकधी रखडतं, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, आणि रखडलं की तुम्हीच फोन करा, त्यांना करायला लावू नका. रात्री मूल घर सोडून निघालं तर फोन उचलणारं माणूस कोण, हे त्यांना नावानिशी माहीत हवं. फॉस्टर कुटुंबांना वर्षातून एकदोनदा एकत्र बसवा. त्या आया एकमेकींना जे सांगतात ते आपल्या प्रशिक्षणात नसतं.

फोटोंचं एकच. मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "अनाथ बालकास मायेचे छत्र" अशा मथळ्याखाली हार घातलेलं मूल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला निघालेले पुढारी असोत की आपलेच साहेब, दोघांनाही हे कलम दाखवा.

सख्ख्या आईवडिलांच्या भेटी समितीने नाकारल्या नसतील तर त्या ठरलेल्या दिवशी झाल्याच पाहिजेत. जागा शक्यतो कक्षाची, फॉस्टर घराची नको. भेटीनंतर मूल दोन दिवस बिनसतं. त्याचा अर्थ भेटी बंद करा असा नाही, आणि फॉस्टर आईला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

मूल परत गेलं की फाईल बंद करायची घाई करू नका. नव्या जुन्या दोन्ही घरी जा. फॉस्टर आईला रडू येतं, तिला विचारायलाही कोणीतरी हवं. त्या घराला पुढे दुसरं मूल द्यायचं ठरलं तर गृह चौकशी पहिल्यापासून करा. मधल्या काळात सासरे अंथरुणाला खिळलेले असतात, मुलगा दहावीला गेलेला असतो, कोणी दारू धरलेली असते. जुन्या अहवालावर नवी तारीख घालून सही घ्यायला आलेल्याला मी कक्षातून परत पाठवते.