मेल, फायली, ब्लॉग क्लाउडवर नेताना या चुका टाळा

अमळनेरला कॉम्प्युटर दुरुस्त करता करता माझी बरीच वर्षं गेली. "क्लाउडवर टाकलं होतं, तरी गेलं" असं सांगत येणारं कोणी ना कोणी दर महिन्याला असतंच. (क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरवर फायली ठेवायची जागा.) जवळजवळ सगळ्यांची चूक एकच असते, म्हणून आधी तीच सांगतो.

सिंकला बॅकअप समजणं

एक निवृत्त गुरुजी पारोळा, धरणगाव, शिंदखेड्याकडची खेडी पालथी घालून कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि हळदीची अहिराणी गाणी गोळा करायचे. म्हाताऱ्या बायांसमोर बसून लिहून घ्यायचे आणि घरी येऊन टाइप करायचे. दिवाळीला पुण्याहून नातू आला. त्याने ते फोल्डर क्लाउडला जोडून दिलं. इथपर्यंत उत्तम. पण दोन दिवसांनी डिस्क भरल्याचा इशारा आला, तेव्हा "नाना, आता सगळं वर आहे" म्हणत त्याने कॉम्प्युटरवरचं फोल्डर शिफ्ट-डिलीट केलं, म्हणजे रिसायकल बिनमध्येही न ठेवता थेट उडवलं. सिंकचं कामच असं की इथे केलेला बदल तिथेही होतो, त्यामुळे क्लाउडमधलं फोल्डरही ट्रॅशमध्ये गेलं. तिथे 30 दिवसांनी फायली कायमच्या पुसल्या जातात. गुरुजींनी फोल्डर उघडलं ते संक्रांतीनंतर.

"भाऊ, मन्हं समदं गयं," एवढंच बोलले आणि दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. मी दोन दिवस डिस्क उकरली, हाती काही लागलं नाही. शेवटी कपाटात तीन वर्षांपूर्वीचा एक पेनड्राइव्ह सापडला आणि त्यातलं तेवढं वाचलं. नंतरच्या तीन वर्षांतली गाणी गेली ती गेलीच. ती म्हणणाऱ्या दोघी बाया आता हयात नाहीत.

त्या पोराला माया होती, पण घाई नडली. जागा मोकळी करायची असेल तर फाइलवर राइट क्लिक करून ती 'फक्त ऑनलाइन' ठेवा, डिलीट करू नका. गूगल फोटोजमध्येही हाच घोळ होतो. ॲपमधून बॅकअप झालेला फोटो उडवला की फोनमधून आणि क्लाउडमधून, दोन्हीकडून जातो. फक्त फोन रिकामा करायला 'फ्री अप स्पेस' आहे. माझी स्वतःची पद्धत अशी: कट कधीच नाही, कायम कॉपी. फायली वर चढल्या की त्यातल्या दहा दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघतो. जुनी प्रत सहा महिने हलवत नाही. शिवाय महिन्याच्या पहिल्या रविवारी एका बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवून तिची वायर काढून ठेवतो.

जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चढवणं

पेनड्राइव्हमधली गाणी गुरुजींनी ब्लॉगवर टाकली, तर ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला! सगळं टायपिंग श्रीलिपीतलं होतं. श्रीलिपी, कृतिदेव हे युनिकोडच्या, म्हणजे आज सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या पद्धतीचे फॉन्ट. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मजकूर वाचता येत नाही आणि मराठी शब्द टाकून शोधला तर सापडतही नाही. म्हणून आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मगच चढवा. कन्व्हर्टरवरही आंधळा विश्वास नको. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास सरकते. मी जुन्या मशीनवरून प्रिंट काढतो, ती शेजारी ठेवतो आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचतो. वेळ लागतो, लागू द्या. अहिराणीत चुकलेला शब्द कुठलं स्पेलचेक पकडणार?

बाकीचं थोडक्यात

जुनं मेल 'पॉप' या मेल उतरवायच्या पद्धतीने ओढलं तर फक्त इनबॉक्स येतो; पाठवलेली पत्रं आणि फोल्डर मागेच राहतात. त्याऐवजी 'आयमॅप' ही पद्धत वापरा, तिच्यात फोल्डरही येतात. जुना पत्ता वर्षभर चालू ठेवा, कारण बँक आणि पेन्शनला तोच दिलेला असतो.

गूगलची फुकट 15 जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून आहे. लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरली की मेल येणंही थांबतं.

दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल बंद करून पुसू शकतं.

ब्लॉगरच्या बॅकअप फाइलमध्ये लेख आणि कमेंट असतात, फोटो नसतात. ते वेगळे उतरवून ठेवा.

आणि खात्याला मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याच्या नंबरवर उघडलेली खाती मी इतकी पाहिलीत की आता नंबर विचारल्याशिवाय कामाला हातच लावत नाही. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं कुलूप, चालू केलं की फोन हाताशी नसताना वापरायचे दहा बॅकअप कोड मिळतात. त्यांचा कागद सातबारा ठेवता त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. गुरुजींचा कागद तिथेच आहे, आणि दुसरी प्रत सूनबाईंकडे.