गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडला स्क्रू किती लागतात? मोजायची पद्धत

शेडचा अंदाज काढताना पाइपचे वजन आणि पत्र्याचे फूट सगळे काळजीने मोजतात. स्क्रूसमोर मात्र ‘दोन पाकिटे’ एवढेच लिहिलेले असते. कामाच्या शेवटच्या दिवशी स्क्रू कमी पडले की फिटर पुन्हा दुकानात जात नाही, हातात आहेत तेवढे पसरून मारतो. खालून पाहणाऱ्याला ते कळत नाही. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात कडेचा पत्रा फडफडायला लागला की कळते.

पत्र्याचे वजन चौरस मीटरला जेमतेम 4 ते साडेचार किलो. आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर आणि मुंबईसाठी 44 मीटर धरलेला आहे. बाकीचे गुणक बाजूला ठेवले तरी या वेगांचा दाब चौरस मीटरला सुमारे 93 आणि 118 किलो होतो. म्हणजे पत्रा आपल्या वजनाने जागेवर राहत नाही, स्क्रू त्याला धरून ठेवतात. शिवाय कडांना आणि कोपऱ्यांना वाऱ्याची ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते, आणि बाजू उघड्या असलेल्या शेडला वारा खालूनही उचलतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत घरोघरचे पत्रे उडवले, ते आठवत असेल तर हा हिशेब कंटाळवाणा वाटणार नाही.

आपण एक नेहमीची शेड धरू: गच्चीवर 20 फूट लांब, एका बाजूला उतार, रंगीत प्रोफाइल पत्रा (उभ्या उंचवट्यांचा), खाली चौकोनी पाइपच्या पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे पाइप. महापालिका हद्दीत अशा शेडला परवानगी लागते, ती आधी घ्या.

1. आधी पत्रे मोजा, तेही झाकणाऱ्या रुंदीवर

दोन्ही बाजूंना 6 इंच बाहेर धरून लांबी 21 फूट, म्हणजे 6.4 मीटर. पत्र्याची पूर्ण रुंदी साधारण 1,070 मिमी असते, पण एक उंचवटा शेजारच्या पत्र्यावर चढतो, त्यामुळे झाकली जाणारी रुंदी 1,000 मिमीच राहते. पूर्ण रुंदीने भागले तर 6 पत्रे पुरतील असे वाटते. प्रत्यक्षात 7 लागतात आणि सातवा कापावा लागतो. इथे चुकलात तर पुढचे सगळे आकडे चुकतील.

या पत्र्यावर उंचवटे 200 मिमी अंतरावर आहेत. 6.4 मीटरमध्ये 32 अंतरे, म्हणून उंचवटे 33. तुमच्या पत्र्याचे अंतर टेपने मोजून घ्या, सगळ्या कंपन्यांचे सारखे नसते.

2. पर्लिनच्या ओळी मोजा

पत्रा 16 फुटी. वर-खाली 6-6 इंच बाहेर सोडले की मधे 15 फूट राहतात. पावणेचार फुटांचे चार गाळे पडतात, पण पर्लिन पाच लागतात. गाळे मोजून तोच आकडा पर्लिनचा धरणे ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि त्यात स्क्रूंची एक अख्खी ओळ गळते.

3. ओळ गुणिले उंचवटा

सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची पर्लिन: प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू. 33 × 2 = 66.

मधल्या तीन पर्लिनवर एक सोडून एक उंचवटा घेतला तर ओळीला 17 होतात. बहुतेक जण इथेच थांबतात. पण उंचवट्यांना एका टोकापासून क्रमांक द्या. पत्र्यांचे जोड 6, 11, 16, 21, 26 आणि 31 क्रमांकांवर येतात. एक सोडून एक म्हणजे 1, 3, 5 असे विषम क्रमांक, त्यामुळे 6, 16 आणि 26 वरचे जोड सुटतात. जोडावर स्क्रू नसेल तर पत्र्याची कड उघडते आणि पाणी तिथूनच आत येते. म्हणून ओळीला 3 वाढवा.

दोन्ही बाजूंच्या पहिल्या मीटरभरात वाऱ्याची ओढ जास्त, तिथे एकही उंचवटा सोडायचा नाही. एका बाजूला 2 आणि 4, दुसऱ्या बाजूला 28, 30 आणि 32, असे आणखी 5. मधल्या ओळीला एकूण 25, तीन ओळींना 75. मोठे स्क्रू: 66 + 75 = 141.

चौरस फुटावरून अंदाज का चुकतो तेही इथे दिसते. आपले छत 336 चौरस फुटांचे. तेवढ्याच क्षेत्रफळाची 42 बाय 8 फुटांची शेड याच पद्धतीने मोजली तर तीन पर्लिनवर 174 स्क्रू लागतात, कारण तिच्या कडा जास्त लांब आहेत.

4. जोडाचे आणि कडांचे छोटे स्क्रू

दोन पर्लिनच्या मधे जोडाचे दोन्ही पत्रे एकमेकांना शिवायचे असतात. प्रत्येक गाळ्याच्या मध्यावर एक, म्हणजे 6 जोड × 4 गाळे = 24. वरच्या फ्लॅशिंगला (कडेची झाकणपट्टी) आणि दोन बाजूंच्या पट्ट्यांना फुटाला एक: 22 + 17 + 17 = 56. एकूण 80.

5. लांबी ठरवा

उंचवट्यावर मारायच्या स्क्रूला उंचवट्याची उंची (28 मिमी), वॉशर, पत्रा आणि पाइपची जाडी एवढे अंतर ओलांडायचे असते. ही बेरीज 35 मिमीच्या आसपास जाते. हा स्क्रू स्वतःच भोक पाडतो, त्यामुळे त्यापुढे टोकाचा ड्रिल पाइपच्या पूर्ण पार गेल्याशिवाय आटे पकडत नाहीत. म्हणून 5.5 × 55 मिमी घ्या. 45 चा स्क्रू बसल्यासारखा वाटतो, पण त्याचे जेमतेम एक-दोन आटे पाइपमध्ये असतात. पर्लिन लाकडी असेल तर ड्रिल टोकाचा स्क्रू चालत नाही, लाकडाचे मोठ्या आट्यांचे वेगळे स्क्रू मागा. समुद्राजवळ साध्या झिंकच्या स्क्रूंवर पैसे घालवू नका, जास्त गंजरोधक लेप असलेलेच घ्या.

6. वाया जाणारे किती धरायचे

मोठ्या स्क्रूंवर दहा टक्के धरा. टोक मोडते, स्क्रू उंचावरून पडतो, पर्लिन चुकवून पत्र्यात नुसतेच भोक पडते. 155 ची गरज, म्हणून 100 ची दोन पाकिटे. छोट्या स्क्रूंचे 100 चे एक पाकीट पुरते. ज्या भोकात स्क्रू नुसताच गरगरतो तिथे भोक सिलिकॉनने बुजवून भागत नाही. तिथे एक माप जाड, 6.3 मिमीचा स्क्रू बसतो; असे दहा सोबत ठेवा. 8 मिमीचे चुंबकी सॉकेट दोन घ्या, झिजलेले सॉकेट स्क्रूच्या डोक्याचा रंग खरवडते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

7. खांबांचे अँकर

खांबाच्या तळाची प्लेट स्लॅबला धरणारे बोल्ट म्हणजे अँकर. 6 खांब, प्रत्येकाच्या प्लेटला 4, म्हणजे 24. शक्यतो प्लेट खालच्या बीमवर येईल अशी जागा निवडा. 5 इंची स्लॅबमध्ये खोल भोक पाडले तर खालचे काँक्रीट फुटते. वॉटरप्रूफिंग फोडूनच भोक पडणार असल्याने केमिकल अँकर (भोकात रसायन भरून त्यात रॉड बसवायचा) बरा, तो भोक भरूनही टाकतो.

केमिकल किती लागेल? 14 मिमीचे भोक, 12 मिमीचा रॉड, खोली 90 मिमी. मधल्या पोकळीत 3.7 मिली मावते. 24 भोकांना 88 मिली, वाया जाणारे धरून दीडपट म्हणजे 130 मिली. 300 मिलीची एक नळी भरपूर झाली. कमी पडते ते पुढचे मिक्सिंग नोझल! चहाला थांबले की उन्हाळ्यात आतला माल काही मिनिटांत दगड होतो. नळी एक, पण नोझल तीन घ्या. भोक ब्रशने घासून आणि फुंकून साफ केले नाही तर धुळीवर रसायन धरत नाही.

8. घट्ट किती करायचा

वॉशरचे रबर धातूच्या चकतीच्या कडेपर्यंत येऊन थांबले पाहिजे. बाहेर फुगून आले तर जास्त आवळले आहे, ते रबर उन्हात तडकेल. वॉशर बोटाने फिरत असेल तर कमी. त्याच संध्याकाळी पत्र्यावरचा लोखंडी किस मऊ झाडूने झाडून घ्या, नाहीतर पहिल्या पावसानंतर रंगावर तांबडे ठिपके उमटतात आणि ते निघत नाहीत.

शेवटचे बिल देण्याआधी उरलेले मोठे स्क्रू मोजा. 200 आणले होते आणि 141 लागणार होते, म्हणून 59 पेक्षा जास्त उरता कामा नयेत. 90 उरले असतील तर शिडी लावून आधी दोन्ही बाजूंचा पहिला मीटर आणि 6, 16, 26 क्रमांकांचे जोड तपासा. जे राहिले असेल ते फिटर जागेवर असतानाच मारून घ्या.