दाता गायीच्या डोक्यावर आत्ताच सावली करा

मार्च लागतोय. भ्रूण प्रत्यारोपणासाठी होल्स्टिन किंवा संकरित दाता गाय (जिच्यातून भ्रूणं काढून दुसऱ्या गायीत ठेवायची ती) ठरवली असेल, तर जास्त अंडी सुटण्यासाठीच्या इंजेक्शनचे भाव काढण्याआधी गोठ्याचा पत्रा बघा. भर दुपारी पत्र्याला आतून तळहात टेकवत नसेल, तर त्याखालच्या गायीवर हजारोंचा खर्च करू नका. इंजेक्शनं वेळेवर, वीर्यमात्रा उत्तम, तरी फ्लशिंगच्या (गर्भाशय धुऊन भ्रूणं काढण्याच्या) दिवशी वाटीत नुसती अफलित अंडी. असे गोठे दर उन्हाळ्यात बघतो आणि जीव तुटतो.

गायीच्या अंडाशयातला बारीक पुटक (अंडं ज्यात वाढतं तो फोड) वाढून त्यातलं अंडं सुटायला दोन ते तीन महिने लागतात. म्हणजे मे महिन्यात पोळलेलं अंडं जुलैत बाहेर येतं. पाऊस पडला, गारवा आला, गाय टवटवीत दिसते, पण अंडं बिघडलेलंच असतं. फ्लशिंगच्या आठवड्यात कूलर लावून ते सुधारत नाही.

होल्स्टिनला उष्णतेचा ताण सुरू होतो तापमान-आर्द्रता निर्देशांक (ऊन आणि दमटपणा मिळून काढलेला आकडा) 72 झाला की. हवा 25 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असली तरी एवढा आकडा होतो! आपल्याला गार वाटतं तेव्हाच गाय तापायला लागलेली असते. बरगडीकडे बघून श्वास मोजा. मिनिटाला 60 च्या वर गेले की ताण समजा. माझा स्वतःचा ठोकताळा असा: पहाटे पाचलाही गाय धापत असेल, तर तो कार्यक्रम सरळ पुढे ढकला.

पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडब्याचा जाड थर, वरून चुना. पाणी चोवीस तास समोर, तेही सावलीत. दुभत्या गायीला उन्हाळ्यात 80 ते 100 लिटर लागतं. अंगावर पाणी मारायचं तर पंखा हवाच. वारा नसताना नुसते फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारे फवारे) लावले की गोठा दमट होतो आणि गाय जास्त तापते.

बाकी कामं:
- विण्यानंतर किमान 60 दिवस झालेली, नियमित माजावर येणारी, गर्भाशय निरोगी असलेली गाय
- शरीरगुणांक (अंगावरच्या मांस-चरबीचे 1 ते 5 मधले गुण) 3 च्या आसपास
- खनिज मिश्रण रोज 50 ग्रॅम
- माजाचा दिवस शून्य धरून 9 ते 11 व्या दिवशी एफएसएच (एकावेळी जास्त पुटक वाढवणारं संप्रेरकाचं इंजेक्शन) सुरू. 4 दिवस, 12 तासांच्या अंतराने, उतरत्या मात्रेत. मात्रा पशुवैद्यकच ठरवतील
- एफएसएचच्या तिसऱ्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन (माजावर आणणारं इंजेक्शन)
- माज दिसल्यावर 12 आणि 24 तासांनी रेतन
- रेतनानंतर सातव्या दिवशी फ्लशिंग

रेतनानंतरचे पहिले दोन दिवस सर्वांत नाजूक. त्या दोन दिवसांत गाय उन्हात बांधू नका, टेम्पोत चढवू नका.

दुकानदार ‘अंडी वाढवणारी’ पावडर गळ्यात मारतील. घेऊ नका. गायीत किती पुटक आहेत हे बरंचसं तिच्या जन्मजात गुणावर असतं आणि सोनोग्राफीत ते आधीच मोजता येतात. कमी पुटक असलेली गाय सोडून दुसरी निवडणं स्वस्त पडतं. सरकी पेंडीचा माराही नको. जादा प्रथिनांनी रक्तातला युरिया वाढतो आणि भ्रूणाची प्रत घसरते. चांगल्या हंगामातही एका फ्लशिंगला सरासरी पाच-सहा वापरण्याजोगी भ्रूणं मिळतात आणि काही गायी एकही देत नाहीत. पंधरा-वीसची हमी देणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

गीर, साहिवाल ऊन जास्त सोसतात. पण त्यांना एफएसएचची मात्रा कमी लागते, होल्स्टिनचा तक्ता त्यांना लावू नका.

सावलीची सोय होत नसेल, तर फ्लशिंग डिसेंबर-जानेवारीवर न्या. हिवाळ्यात गोठवलेली भ्रूणं हाताशी असतील, तर ती मात्र या उन्हाळ्यात वापरता येतील. सात दिवसांचं भ्रूण कोवळ्या भ्रूणापेक्षा उष्णता बरी सोसतं. फक्त ज्या कालवडीत ते ठेवायचं तिलाही हीच सावली, हेच पाणी द्या.