ठाणेकरांनो, विमानप्रवासाचा वेळ असा काढा

तिकीट काढण्याआधी विमानतळाचा कोड बघा. बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. दोन्ही एकाच यादीत दिसतात आणि घाईत गफलत होते. मग ऐरोली किंवा वाशीहून निघालेला माणूस भलत्याच दिशेला पोचतो.

आता अंतर. गूगल मॅप्सवर विमानतळावर बोट दाबून धरा, ‘अंतर मोजा’ निवडा आणि दुसऱ्या शहराच्या विमानतळापर्यंत रेघ न्या. रस्त्याचे किलोमीटर इथे कामाचे नाहीत. मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण 1,140 किमी भरतं. विमानाचा वेग ताशी 800 किमी धरून त्याला 800 ने भागा: जवळपास 1 तास 25 मिनिटं. त्यात 45 मिनिटं मिळवा, कारण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं हे सगळं कमी वेगात होतं. झाले 2 तास 10 मिनिटं. तिकिटावरचा आकडाही याच्याच आसपास असतो.

परदेशी जाताना खरी चूक घड्याळाची होते. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. सकाळी 10:00 ला सुटून 11:45 ला पोचलात, तर प्रवास पावणेदोन नव्हे, सव्वातीन तासांचा. हिवाळ्यात उत्तर भारतावर पश्चिमेकडून जोराचे वारे असतात, म्हणून दिल्लीहून युरोपला जायला परतीपेक्षा जास्त वेळ लागतो.