मुलांची अक्षरवार शब्दवही: अर्थ लिहायचा कसा?

दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक अक्षराला समोरासमोरची दोन पानं द्या. डावीकडे चित्र, उजवीकडे शब्द आणि अर्थ. सगळं शिसपेन्सिलीने, कारण पहिल्या महिन्यात निम्मे अर्थ खोडावे लागतात.

ङ आणि ञ यांना पानं ठेवू नका. ण आणि ळ शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, तिथे बाण आणि बाळ चालतात. ओढूनताणून शब्द शोधत बसू नये. २००९ च्या शासननिर्णयाने वर्णमालेत आलेले ॲ आणि ऑ मात्र घ्या, ॲम्ब्युलन्स आणि ऑफिस मुलांच्या कानावर रोज पडतात. च आणि ज यांच्या पानांवर मधे रेघ मारा. चिमणी एका बाजूला, चाक दुसऱ्या. जिराफ एका बाजूला, जाळं दुसऱ्या. उच्चार वेगळा आहे हे मुलांना आपल्याआधी कळलेलं असतं.

आता खरी अडचण, अर्थ लिहिणं. भाचीसाठी पहिली वही केली तेव्हा मोठ्यांच्या कोशाच्या थाटात मी 'उखळ : कांडण्याचे साधन' असं ऐटीत लिहिलं. तिने विचारलं, "कांडणं म्हणजे?" मी म्हटलं, कुटणं. "आणि साधन?" तिथे माझी गाडी अडली. अर्थातला शब्द मूळ शब्दाहून अवघड असेल तर तो अर्थ मुलाच्या उपयोगाचा नाही. मग लिहिलं: 'दगडाचं किंवा लाकडाचं खोलगट भांडं. यात धान्य घालून मुसळाने कुटतात.' शेजारी मुसळाचं चित्र काढलं आणि प्रश्न मिटला.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी वस्तू कोणत्या जातीची ते (भांडं, प्राणी, कपडा, झाड), मग फक्त तिलाच लागू पडेल अशी एक गोष्ट. 'परात : मोठं पसरट भांडं' एवढ्यावर थांबलात तर मूल ताट दाखवेल आणि ते चुकलेलं नसेल. 'यात कणीक मळतात' जोडलं की परातच उरते. शब्दावर हात ठेवा, अर्थ मोठ्याने वाचा, मुलाला वस्तू ओळखू द्या. दुसरंच काही सांगितलं, तर मुलाला टोकू नका, अर्थ खोडा.

'समानार्थी शब्द लिहा, झालं' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. आळस म्हणजे आळशीपणा, लाज म्हणजे लज्जा! मूल जिथल्या तिथे. क्रियापदाचा अर्थ क्रियापदानेच द्या: 'ढकलणे : जोर लावून पुढे सारणे.' विशेषणाचा अर्थ वाक्यात बसवून बघा. 'चिवट : ओढलं तरी लवकर तुटत नाही असा.' चिवट दोरा म्हणजे ओढला तरी लवकर न तुटणारा दोरा. बसला.

हात लावता येत नाही अशा शब्दांपाशी मी बराच काळ चाचपडले. हेवा, लाज, कंटाळा. इथे 'म्हणजे' सोडा आणि 'केव्हा' धरा. 'हेवा : मित्राला नवी सायकल मिळते आणि आपल्याला ती नाही म्हणून आत कुठेतरी खुपतं, तेव्हा वाटतो तो.' व्याकरणाचे जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत. प्रसंग मात्र मुलाच्या घरातलाच हवा, पुस्तकातला राजपुत्र नको.

एका दिवसाला तीन शब्द, त्याहून जास्त नाही. रोज दहाचा हट्ट धरणाऱ्यांच्या वह्या 'ग'च्या पुढे गेलेल्या मी पाहिल्या नाहीत.

पाचसहा अक्षरं झाली की पेन्सिल मुलाच्या हातात द्या आणि शुद्धलेखन तेवढं सुधारा, अर्थाला हात लावू नका. भाचीच्या वहीत 'श'च्या पानावर आहे: 'शेजारी : ज्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्याला मोजता येतात ते.'