घरी सांगण्याआधी एक सिनेमा

जोडीदार वेगळ्या भाषेचा, वेगळ्या धर्माचा असेल, तर एकदम विषय काढू नका. आधी आईबाबांसोबत ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ (१९६७) बघा, मी तेच केलं. सबटायटल्स आधीच लावून ठेवा. गोरी मुलगी कृष्णवर्णीय डॉक्टरला घरी आणते, तेव्हा पडद्याकडे नको, आईच्या चेहऱ्याकडे बघा. मध्ये बोलू तर अजिबात नका. शेवटी मुलीचा बाप, म्हणजे स्पेन्सर ट्रेसी, बराच वेळ बोलतो. तिथे बाबांनी चष्मा काढून हातात धरला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय लग्नांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली, हे नंतर सांगा. नाव मात्र त्या रात्री घेऊ नका. मी सकाळी घेतलं. आईने आधी एवढंच विचारलं, “त्याच्या घरी माहीत आहे का गं?”