बागेतल्या स्टॉलवाल्याशी भांडू नका, त्याचा करारनामा काढा

आमच्या बागेत रविवारी वीसची पाण्याची बाटली तीसला देतात, टू-व्हीलर पार्किंगची पावती म्हणजे नंबर नसलेलं चिठोरं, आणि भेळवाल्याच्या खुर्च्या दरवर्षी थोड्या थोड्या लॉनवर सरकतायत. पहिली दोन वर्षं मी काउंटरवरच्या पोराशी हुज्जत घालत बसलो, पण तो पगारी माणूस, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मग एका निवृत्त क्लार्क काकांनी सांगितलं, अरे जागा महापालिकेची आहे ना, मग तो ठेकेदार कुठल्यातरी कागदावर सही करूनच आत बसलाय, तो कागद बघ आधी.

तर पहिलं काम, बाग कुणाची आणि ठेका कुणी दिलाय हे शोधणं. झाडं-लॉन उद्यान विभागाकडे असतात पण स्टॉल, पार्किंग, बोटिंगचे ठेके बऱ्याचदा मालमत्ता विभागाकडे, त्यामुळे उद्यानवाले हात झटकतात. आणि ठेका म्हणजे बहुतेक वेळा लायसन्स, भाडेपट्टा नाही, म्हणजे जागा वापरायची परवानगी फक्त, जागेत हक्क काही नाही. हे डोक्यात ठेवा, कारण ठेकेदार "ही जागा आमची आहे" असं फार सहज बोलून जातो.

माहिती अधिकाराचा अर्ज करायच्या आधी सोमवारी दुपारी 3 ते 5 ऑफिसात जाऊन फाइल बघायला मागा. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या ऑफिसांत ही वेळ नागरिकांना रेकॉर्ड बघण्यासाठी ठेवलीय, पुण्यात तर त्याआधीपासून चालू होतं. मला पहिल्या सोमवारी "साहेब मीटिंगला गेलेत" ऐकायला मिळालं, दुसऱ्या सोमवारी फाइल मिळाली.

फाइलमध्ये निविदा सूचना, ठराव, कार्यादेश (काम सुरू करायचं पत्र), करारनामा, जागेचा नकाशा, भाडं भरल्याची चलनं आणि मुदतवाढीची पत्रं शोधा. सगळं वाचत बसू नका, मी आधी मुदत बघतो. आमच्याकडे मूळ करार 11 महिन्यांचा, आणि त्याला "पुढील निविदा प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत" म्हणून तीन मुदतवाढी, भाडं तेच जुनं. ही एक ओळ सापडली की अर्धं काम झालं समजा. मग क्षेत्रफळ. करारात 150 चौरस फूट होतं, मी बागेत जाऊन फरश्या मोजल्या, एक फरशी दोन फुटाची, खुर्च्यांसकट चौदा फरश्या लांब आणि नऊ रुंद, म्हणजे 28 गुणिले 18, पाचशे चौरस फूट सरळ सरळ. टेप घेऊन गेलं की लगेच माणसं गोळा होतात, फरश्या मोजताना कुणाला कळतपण नाही. त्यानंतर दरपत्रक, म्हणजे पार्किंगचे दर किती ठरलेत आणि बोर्ड लावायची अट आहे का. आणि पोटठेका, म्हणजे ठेकेदाराने स्टॉल परस्पर दुसऱ्याला चालवायला देणं, चालतो की नाही, कारण करारावरचं नाव आणि स्टॉलवरच्या फूड लायसन्सवरचं नाव वेगळं निघालं तर विचारायला जागा आहे.

फाइल दाखवलीच नाही तर माहिती अधिकार. 2005 च्या कायद्यात कलम 4 मध्येच लिहिलंय की सवलती, परवाने कुणाला दिले त्याचा तपशील ऑफिसने स्वतःहून जाहीर करायचा, करत नाहीत ते सोडा. अर्ज जोडपत्र अ या ठरलेल्या नमुन्यात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, हे विसरू नका नाहीतर त्यावरूनच परत पाठवतील. "ठेका का दिला" असं विचारू नका, कागद मागा. मी एवढंच लिहिलं होतं: "अमुक उद्यानातील खाद्यपदार्थ स्टॉलचा करारनामा अटी-शर्ती व नकाशासह, सर्व मुदतवाढ पत्रे आणि मागील तीन वर्षांची भाडे चलने यांच्या प्रती." आवक खिडकीवर शिक्क्यासकट पोच घ्या. उत्तराला 30 दिवस.

इथे एक नेहमीचा खेळ असतो, ठेकेदाराला त्रयस्थ पक्ष म्हणून, म्हणजे माहिती ज्याच्याबद्दल आहे तो तिसरा माणूस म्हणून, नोटीस जाते, तो हरकत घेतो आणि तुम्हाला उत्तर येतं की हरकत असल्याने देता येत नाही. पण हरकत म्हणजे नकाराधिकार नाही, ती ऐकून निर्णय अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो आणि कारण लिहायचं असतं. मग 30 दिवसांच्या आत त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे प्रथम अपील ठोका. आमची माहिती अपिलाच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी आली, योगायोग म्हणायचा.

पाण्याच्या बाटलीसाठी मात्र एवढं काही करायला नको, ती तक्रार वैधमापनकडे, म्हणजे वजनमापं आणि एमआरपी तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेलांना एमआरपीपेक्षा जास्त घ्यायला मोकळीक दिली ती बसवून सर्व्हिस देतात म्हणून, खिडकीतून बाटली हातात देणारा स्टॉल ते सांगायला लागला तर पटवून घेऊ नका. बाटलीवरच्या एमआरपीचा आणि बिलाचा फोटो एकत्र काढा, बिल देत नसेल तर यूपीआयने पैसे द्या.

समुद्रकिनारी प्रकरण जरा वेगळं, तिथे आधी कुणाचं ऑफिस यातच महिना जातो. जून 2020 मध्ये राज्याने पर्यटनासाठी बीच शॅकचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्यांचं, धोरण आणलं, गुहागर, तारकर्ली, केळवा, दिवेआगर धरून आठ किनारे, एका किनाऱ्यावर जास्तीत जास्त 10 शॅक, परवाना 3 वर्षांचा आणि 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना. म्हणजे तिथे अर्ज पर्यटनवाल्यांकडे. वॉटर स्पोर्ट्स असेल तर मेरीटाइम बोर्ड, म्हणजे राज्याचं बंदरांचं मंडळ. चुकीच्या ऑफिसला अर्ज गेला तरी घाबरू नका, कलम 6(3) प्रमाणे तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची.

कागद हातात आला की तक्रार एका पानाची करा, कराराची अट क्रमांकासकट, खाली मोजमाप आणि तारखेचा फोटो, आणि मागणी एकच, जागेवर येऊन पंचनामा करा. आमच्याकडे पंचनाम्यानंतर चार दिवसांत स्टॉलभोवती पांढरा पट्टा मारून गेले. खुर्च्या आत आल्यात, एक टेबल अजून बाहेर आहे.